टिचकीचा लिलाव
(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

भाऊबीजेला बाबा आत्याकडे ओवाळून घ्यायला गेले, त्यांच्याबरोबर मीही गेले होते. दुपारी जेवणे उरकल्यावर माझा आतेभाऊ (आम्ही सारी भावंडे त्याला दादा म्हणतो) एक दोनशे पानी वही घेऊन आला आणि ती माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "तू अर्थशास्त्र शिकतेस ना? मग ह्यात माझं कुठं चुकलं तेवढं सांग."

वही नीट आखलेली होती. तारीख, शब्द, क्लिक, खर्च, विक्री, कमिशन असे रकाने होते आणि अक्षर सुबक होते. दादाने नऊ वर्षे तालुक्याच्या गावी मिक्सर-दुरुस्तीच्या दुकानात काम केले. गेल्या उन्हाळ्यात त्याने एका खाजगी क्लासची जाहिरात पाहिली. स्वतःचा माल नको, दुकान नको, गिऱ्हाइकाशी बोलायला नको, आणि तरी घरबसल्या कमाई! फी बारा हजार रुपये. ती फी आणि धंद्याचे भांडवल ही दोन्ही आत्याच्या भिशीतून आली. दहा बायकांची भिशी, महिन्याला तीन हजार रुपये; आत्याने मैत्रिणींना गळ घालून जूनमध्ये पहिलाच नंबर स्वतःकडे घेतला आणि तीस हजार रुपये दादाच्या हाती दिले. जुलै ते सप्टेंबर असे तीन महिने त्याने तो धंदा केला. दिवाळीपूर्वीच तो पुन्हा दुरुस्तीच्या दुकानात जाऊ लागला होता.

त्याच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. बाजारभाव, सीमांत उपयोगिता, लिलाव हे सारे शब्द मला परीक्षेपुरते ठाऊक होते. वहीतल्या आकड्यांना ते कोठे लावावेत हे कळेना. पुढे दीड महिना ग्रंथालयात आणि संगणक-कक्षात बसून जे हाती लागले ते येथे मांडते आहे. आपल्या महाविद्यालयातही अशा क्लासची भित्तिपत्रके सायकल स्टँडजवळ दिसू लागली आहेत, त्यामुळे विषय अगदीच परका वाटणार नाही अशी आशा आहे.

प्रथम हा धंदा म्हणजे काय ते पाहू. एखादी वस्तू हवी असलेला मनुष्य संगणकावर किंवा मोबाइलवर शोधयंत्रात शब्द टाइप करतो, उदाहरणार्थ ‘चांगला मिक्सर’. उत्तरांच्या यादीबरोबर काही जाहिराती दिसतात. जाहिरातीवर त्याने बोट टेकवले, म्हणजे क्लिक केले (ह्याला मराठीत टिचकी असा गोड शब्द आहे), की जाहिरातदाराच्या खात्यातून पैसे जातात. जाहिरात नुसती दिसली तर पैसे नाहीत. टिचकी पडली तरच. आता हा जाहिरातदार मिक्सर विकणारा दुकानदार असेलच असे नाही. तो दादासारखा मध्यस्थ असू शकतो. तो गिऱ्हाइकाला एका मोठ्या ऑनलाइन दुकानाकडे पाठवतो आणि गिऱ्हाइकाने तेथे खरेदी केली तर दुकान त्याला कमिशन देते. ह्या मध्यस्थाला ॲफिलिएट म्हणतात. साध्या भाषेत तो दलाल होय. दलाल हा शब्द आपल्याकडे बदनाम झाला आहे, पण मी तो येथे शुद्ध अर्थाने वापरते आहे. ज्याच्याकडे माल आहे आणि ज्याला माल हवा आहे, त्या दोघांची गाठ घालून देणे हे काम आहेच.

ह्या दलालीचा इतिहास फार जुना नाही. ‘सीडीनाऊ’ ह्या गाण्यांच्या तबकड्या विकणाऱ्या अमेरिकन कंपनीने १९९४ मध्ये असा प्रयोग केला, आणि जुलै १९९६ मध्ये ‘ॲमेझॉन’ने आपली ‘असोसिएट्स’ योजना सुरू केल्यावर तो सर्वत्र पसरला. गिऱ्हाईक कोणी पाठवले हे दुकानाला कसे कळते, असा प्रश्न मला पडला होता. त्याचे उत्तर असे, की दलालाच्या लिंकमध्ये त्याचा क्रमांक गुंफलेला असतो आणि गिऱ्हाईक त्या लिंकवरून दुकानात शिरले की त्याच्या संगणकावर एक बारीकशी चिठ्ठी ठेवली जाते. तिला कुकी म्हणतात. ‘नेटस्केप’ ह्या कंपनीत १९९४ साली ती युक्ती निघाली. चिठ्ठीची मुदत ठरलेली असते. ॲमेझॉनच्या योजनेत ती साधारणपणे चोवीस तास असते, काही दुकाने महिनाभर ठेवतात. मुदतीत खरेदी झाली तर दलाली मिळते, मुदत टळली तर गिऱ्हाईक आपण पाठवलेले असूनही हाती काही लागत नाही.

आता लिलावाकडे वळते, कारण साऱ्या प्रकरणाचे मर्म तेथे आहे.

बाबा लासलगावच्या बाजार समितीत कांदा नेतात. लहानपणी ट्रॉलीवर बसून मी तो लिलाव पाहिला आहे. वाहने रांगेने उभी असतात, व्यापाऱ्यांचा घोळका एका वाहनाकडून दुसऱ्याकडे सरकत जातो, मूठभर कांदे उचलून पाहिले जातात, क्विंटलचा भाव मोठ्याने पुकारला जातो आणि शेवटची बोली ज्याची त्याला तो माल मिळतो. काही क्षणांत एका कुटुंबाच्या चार महिन्यांच्या कष्टाचा भाव ठरतो. शोधयंत्रातही प्रत्येक शोधाला असाच लिलाव होतो. फक्त तो डोळ्याचे पाते लवण्याच्या आत उरकतो आणि विकला जाणारा माल म्हणजे शोधणाऱ्या मनुष्याचे लक्ष.

ही कल्पना कॅलिफोर्नियातील बिल ग्रॉस ह्या उद्योजकाची. १९९८ मध्ये त्याने ‘गोटू’ नावाचे शोधयंत्र काढले. तोवर संगणकावरील जाहिराती वर्तमानपत्राप्रमाणे विकल्या जात: हजार लोकांना दिसण्याचे इतके पैसे. ग्रॉसने शब्दच विकायला काढले. ज्या शब्दाला जो जास्त बोली लावील त्याचे नाव वर, आणि पैसे टिचकी पडल्यावरच. बोलीची रक्कमही तेथे सर्वांना उघड दिसत असे. लोकांनी टीका केली, पण व्यापाऱ्यांना ते मानवले. ह्या कंपनीचे नाव २००१ मध्ये ‘ओव्हरचर’ झाले आणि २००३ मध्ये ‘याहू’ने ती सुमारे १६३ कोटी डॉलरला विकत घेतली.

त्या उघड लिलावात एक गंमत होती. जो जेवढी बोली लावी तेवढेच पैसे भरी. त्यामुळे पहिला चाळीस सेंट, दुसरा एक्केचाळीस, पहिला बेचाळीस, असे दोघे एकमेकांना ढकलत वर चढत. एका टप्प्यावर एकजण कंटाळून बोली एकदम खाली आणी. मग दुसऱ्यालाही वर राहण्याचे कारण उरत नसे, तोही त्याच्या जेमतेम वर येऊन बसे, आणि पुन्हा चढण सुरू. एडेलमन आणि ऑस्ट्रोव्हस्की ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी ह्या बोलींचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातला आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. तो पाहताना मला आमच्या बाजारातील चुरस आठवली.

‘गूगल’ने जाहिराती विकायला ऑक्टोबर २००० मध्ये सुरुवात केली, पण लिलावाची आजची चौकट फेब्रुवारी २००२ मध्ये आली. तिच्यात दोन गोष्टी नव्या होत्या. एक म्हणजे नुसत्या बोलीवर क्रम ठरत नाही. जाहिरात लोकांना कितपत उपयोगी वाटते, तिच्यावर टिचकी पडण्याचा संभव किती, ह्याचा गुणांक बोलीला गुणला जातो. दुसरी म्हणजे आपण लावलेली बोली आपल्याला पूर्ण भरावी लागत नाही. खालच्या क्रमांकाला मागे ठेवण्यापुरतेच भरायचे. उदाहरण घेऊ. अ ने २० रुपये बोली लावली, त्याचा गुणांक ३, गुणाकार ६०. ब ने १२ रुपयेच लावले, पण त्याचा गुणांक ७, गुणाकार ८४. म्हणून कमी बोलीचा ब वर बसतो. आणि त्याला भरावे लागतात ६० भागिले ७, म्हणजे साडेआठ रुपयांच्या थोडे वर. प्रत्यक्षातले गणित आता पुष्कळ गुंतागुंतीचे झाले आहे, पण सांगाडा हाच आहे.

दुसऱ्या क्रमांकाच्या भावाने विकण्याची कल्पना विल्यम विक्री ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये मांडली होती. (त्यांचे आडनाव आणि आपला ‘विक्री’ हा शब्द ह्यांचा संबंध नाही, हे वर्गात एकदा सांगावे लागले होते.) १९९६ मध्ये त्यांना नोबेल जाहीर झाले आणि तीनच दिवसांनी ते वारले. त्यांच्या लिलावात खरे मूल्य सांगणेच प्रत्येकाच्या हिताचे ठरते. शोधयंत्रातील लिलाव तसा नाही, हे एडेलमन, ऑस्ट्रोव्हस्की आणि श्वार्झ ह्यांनी २००७ मध्येच दाखवून दिले. येथे खरे मूल्य सांगणे नेहमी फायद्याचे नसते. दादाच्या क्लासमध्ये मात्र ‘परवडेल तेवढी बोली लावा, बाकी यंत्र पाहून घेईल’ एवढेच शिकवले गेले होते.

शिवाय ओव्हरचरमधील उघड्या बोलीच्या जागी येथे झाकलेली बोली आली. जुन्या बाजारांत दलाल रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवीत असत असे आजोबा सांगत. शेजाऱ्याला कळत नसे. येथे तर रुमाल ज्याचा त्यालाच माल विकायचा आहे. ५ ऑगस्ट २०२४ रोजी वॉशिंग्टन येथील जिल्हा न्यायालयाने गूगलने शोध आणि शोधातील शब्द-जाहिराती ह्या बाजारांत बेकायदा मक्तेदारी टिकवली असा निर्णय दिला, आणि स्पर्धेची फिकीर न करता ती कंपनी ह्या जाहिरातींचे भाव वाढवू शकली असेही त्यात नोंदवले. दादासारख्या लहान माणसाने हे वाचलेले नसते; त्याला फक्त एवढे दिसते की काल तीन रुपयांना पडणारी टिचकी आज साडेपाचला पडते आहे.

आता वहीकडे येऊ.

दादा ज्या मिक्सरची जाहिरात करी त्याची सरासरी किंमत ३,५०० रुपये. दुकानाचे कमिशन सहा टक्के, म्हणजे एका मिक्सरमागे २१० रुपये. शंभर टिचक्यांमागे दोन विक्री होत. म्हणजे शंभर टिचक्यांचे उत्पन्न ४२० रुपये, आणि एका टिचकीचे मूल्य ४ रुपये २० पैसे. सारा धंदा ह्या एका आकड्यावर उभा आहे: टिचकी ह्याहून स्वस्त मिळाली तर नफा, महाग पडली तर तोटा. आश्चर्य असे, की एवढ्या सुबक वहीत हा आकडा कोठेही लिहिलेला नव्हता.

जुलैमध्ये ६०० टिचक्या पडल्या, प्रत्येकी तीन रुपयांना. खर्च १,८०० रुपये, कमिशन बारा मिक्सरचे २,५२० रुपये. ७२० रुपये नफा! दादाने त्या आकड्याभोवती लाल चौकट केली आहे. पण जाहिरातीच्या खर्चावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. नोंदणी केलेल्या व्यापाऱ्याला तो वजा करून घेता येतो. दादाची नोंदणी नव्हती. म्हणजे ३२४ रुपये आणखी गेले, आणि खरा नफा ३९६ रुपये. लाल चौकटीतला नफा जवळजवळ निम्मा खोटा होता. तरीही नफा तो नफा. त्याच जोरावर त्याने ऑगस्टमध्ये रोजचा खर्च वाढवला.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ३,००० टिचक्या पडल्या, सरासरी ५ रुपये ४० पैशांना. तिन्ही महिने मिळून ३,६०० टिचक्या, खर्च १८,००० रुपये, कर ३,२४०, एकूण २१,२४० रुपये. विक्री ७२ मिक्सर, कमिशन १५,१२०. त्यांतले नऊ मिक्सर गिऱ्हाइकांनी परत केले, त्यांचे कमिशन अर्थातच कापले गेले. हाती आले १३,२३० रुपये. तूट ८,०१० रुपये, आणि क्लासची फी बारा हजार. भिशीच्या तीस हजारांतले वीस हजार असे गेले.

ऑगस्टमध्ये टिचकी महाग का झाली? दादाचे उत्तर होते, "बाजार तेजीत होता." मला ते पटेना. राखी, गणपती ह्या सणांमुळे थोडे होत असेल, पण भाव जवळजवळ दुप्पट झाला होता. वही उलटता उलटता शब्दांची यादी सापडली: २१२ शब्द, छापील, क्लासने दिलेली. मी सहज विचारले, "ही यादी एकट्या तुलाच दिली होती का?" तो म्हणाला, "नाही गं, सगळ्यांनाच. आमच्या तुकडीत एकशेचाळीस जण होते."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एकशेचाळीस माणसे, एकच यादी, एकच वस्तू, एकच दुकान, तेच कमिशन. जुलैमध्ये ज्यांनी लवकर सुरुवात केली त्यांना टिचकी तीन रुपयांना मिळाली, कारण बाकीचे अजून शिकत होते. ऑगस्टमध्ये सगळे लिलावात उतरले आणि एकमेकांवर बोली लावू लागले. कांद्याच्या बाजारात शंभर व्यापारी एकाच ट्रॉलीमागे लागावेत तसे झाले. आपण वर्गात शिकतो की खुल्या स्पर्धेत जादा नफा टिकत नाही. येथे तो टिकला नाही एवढेच नव्हे, तर भाव मूल्याच्याही वर गेला. टिचकी ४ रुपये २० पैशांची, आणि करासह पडत होती ६ रुपये ३७ पैशांना.

मूल्याच्या वर कसा गेला, ह्याचेही उत्तर लिलावाच्या शास्त्रात आहे. १९७१ मध्ये केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल ह्या तिघांनी मेक्सिकोच्या आखातातील तेलक्षेत्रांच्या लिलावावर एक निबंध लिहिला. समुद्राखाली तेल किती हे कोणालाच नक्की ठाऊक नसते, प्रत्येक कंपनी अंदाज करते, आणि लिलाव जिंकतो तो ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला असतो. म्हणजे जिंकणे हेच अंदाज चुकल्याचे लक्षण. त्याला ‘जेत्याचा शाप’ असे नाव पडले आहे. एकशेचाळीस जणांत कोणी कर विसरले, कोणी परत येणारा माल विसरले, कोणी ‘पहिले तीन महिने तोटा होतोच’ ह्या आश्वासनावर बोली लावीत राहिले. वरची जागा अशांनाच मिळत गेली, आणि ज्याचे गणित बरोबर होते त्यालाही त्यांच्यामुळे महाग पडले. क्लासला मात्र फी आधीच मिळालेली होती. एकशेचाळीस गुणिले बारा हजार हा गुणाकार वाचकांनीच करावा.

आणखी एक बारीक चूक वहीत दिसली. शोधयंत्राला ‘मिक्सर’ हा शब्द मोकळा सोडला की ते त्याच्या आसपासच्या शोधांनाही जाहिरात दाखवते. त्यामुळे ‘मिक्सर दुरुस्ती’, ‘सिमेंट मिक्सर भाड्याने’ असले शोध करणाऱ्यांच्या टिचक्यांचे पैसेही दादाने भरले होते. नको असलेले शब्द वगळण्याची सोय असते. ती त्याला सप्टेंबरच्या अखेरीस कळली. ज्याने नऊ वर्षे मिक्सर दुरुस्त केले त्याने दुरुस्ती शोधणाऱ्याला नवा मिक्सर विकायला पैसे मोजावेत, ह्यावर आम्ही दोघेही हसलो. आत्या हसली नाही.

हा धंदा पूर्वी सोपा होता असे जुने लोक सांगतात ते काही अंशी खरे आहे. आरंभीच्या काळात दलाल स्वतःचे पान न बनवताच जाहिरातीतून थेट दुकानाकडे गिऱ्हाईक पाठवीत. परिणाम असा की एकाच शोधाला एकाच दुकानाच्या पाच-सहा जाहिराती दिसू लागल्या. जानेवारी २००५ मध्ये गूगलने ठरवले की एका शोधाला एका पत्त्याची एकच जाहिरात दाखवायची, मग ती दुकानाची असो की दलालाची. तेव्हापासून दलालाला स्वतःचे पान हवे, आणि त्या पानावर वाचण्याजोगे काहीतरी हवे. नुसते पुढे ढकलणारे पान चालत नाही. पुढे १ मे २००९ पासून ॲमेझॉनने उत्तर अमेरिकेतील दलालांना शोध-जाहिरातीतून थेट पाठवलेल्या गिऱ्हाइकांवर कमिशन देणेच थांबवले. म्हणजे दुकानाच्या एका निर्णयाने अनेकांचा धंदा एका रात्रीत बंद होतो. अडत्याला निदान बाजारात गाळा असतो; ह्या दलालाच्या पायाखालची जमीनही दुकानाचीच.

दुकानांना असे का वाटते, ह्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दादाच्या तुकडीतील एकाने शक्कल काढली: ‘मिक्सर’ ह्या शब्दाऐवजी थेट दुकानाच्या नावावरच बोली लावायची. दुकानाचे नाव शोधणारा मनुष्य खरेदीच्या तयारीनेच आलेला असतो, त्यामुळे शंभरात दहा-बारा विक्री सहज होतात. महिनाभर त्याचे आकडे पाहून सारे थक्क झाले. मग दुकानाने कमिशन रोखले. करारातल्या एका कलमात त्या गोष्टीला मनाई होती, ती कोणी वाचली नव्हती. मला आधी दुकानाचा राग आला. पण ‘ईबे’ ह्या कंपनीचा प्रयोग वाचल्यावर मत बदलले. मार्च २०१२ मध्ये तिने काही शोधयंत्रांवर स्वतःच्या नावाची जाहिरात बंद करून पाहिली. ब्लेक, नॉस्को आणि टाडेलिस ह्यांचा त्यावरचा निबंध २०१५ मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’त आला. जाहिरात बंद झाल्यावर त्या टिचक्यांपैकी ९९.५ टक्के गिऱ्हाईक खालच्या फुकटच्या उत्तरावरून दुकानात आलेच. म्हणजे जो घराच्या दारात पोचलाच होता त्याला हात धरून उंबरा ओलांडवला, एवढीच ती दलाली.

आपल्याकडे दुसऱ्याच्या व्यापारी नावावर बोली लावण्याचा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयात गाजला. १० ऑगस्ट २०२३ च्या निर्णयात न्यायालयाने म्हटले की असे करणे हा त्या नावाचा वापर होय, पण गिऱ्हाइकाची फसगत वा गोंधळ होत नसेल तर केवळ बोली लावण्याने हक्कभंग होत नाही. कायदा आणि करार ह्यांतला फरक येथे लक्षात येतो. कायद्याने जे चालते ते कराराने बंद असू शकते, आणि कमिशन मिळते ते करारावर. आपण कमिशन घेतो हे वाचकाला स्पष्ट सांगण्याचा नियम अमेरिकेत डिसेंबर २००९ पासून लागू झाला, आपल्याकडील जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रचारकांसाठी तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली. दादाच्या पानावर तसे काही लिहिलेले नव्हते. मी ते लिहायला लावले.

मग ह्या धंद्यात कोणी कमावतच नाही काय? असे म्हणणे चुकीचे ठरेल, आणि त्याचा पुरावा वहीच्या शेवटच्या पानावर होता. वरच्या हिशेबात ते पान धरलेले नाही, कारण दादाने स्वतःच ते हिशेबात घेतले नव्हते. ‘किरकोळ’ असे त्यावर लिहिले होते. सप्टेंबरमध्ये त्याने यादीबाहेरचे सात शब्द स्वतःच्या मनाने घेतले होते. अमुक मिक्सरला कोणते भांडे बसते, भांड्याखालचा कपलर झिजला तर नवा कोणता, असे ते शोध होते. दुकानात रोज येणाऱ्या बायका जे विचारीत तेच. त्यासाठी त्याने एक साधे पान केले होते: मोबाइलवर काढलेली चार छायाचित्रे, कपलरचे दाते कसे मोजावेत, झाकणाचा रबर मूळ कोणता आणि नकली कोणता. महिन्यात ७४ टिचक्या, प्रत्येकी एक रुपयाला. करासह खर्च ८७ रुपये. सात भांडी विकली गेली, सहाशे रुपयांचे एक, कमिशन प्रत्येकी ३६; एकूण २५२ रुपये. नफा १६५ रुपये. शंभर टिचक्यांमागे नऊ विक्री! आणि एकही भांडे परत आले नाही.

रक्कम हसण्यासारखी आहे, मान्य. पण तिचे कारण पाहण्यासारखे आहे. त्या सात शब्दांवर दुसरा कोणी बोली लावीत नव्हता, कारण दुसऱ्या कोणाला ते सुचलेच नव्हते. शिवाय पान उपयोगी असल्यामुळे त्याचा गुणांकही चांगला असणार, म्हणजे भाव आणखी खाली. नफा होता तो कपलरचे दाते मोजता येण्याचा. जेथे टिचक्या पुष्कळ तेथे गर्दी आणि नफा शून्य. जेथे नफा तेथे महिन्याला ७४ टिचक्या. पोट भरायचे तर अशी शंभर पाने हवीत. दादाला मी विचारले, असे किती विषय तुला येतात. त्याने बोटांवर मोजले. मिक्सर, ग्राइंडर, इस्त्री, पंखा मिळून तीस-पस्तीस भरले. पान नीट करायला त्याला आठवडा लागतो. म्हणजे घरबसल्या म्हणतात तो हाच धंदा, पण तो दुकानाच्या नोकरीइतक्याच कष्टाचा, आणि तीस-पस्तीस पानांनंतर महिना पाच-साडेपाच हजारांचा. त्यातही उद्या आणखी कोणी तेच शब्द शोधून काढले तर भाव चढणारच.

आमच्या प्राध्यापकांनी हा मजकूर वाचून एक आक्षेप घेतला. एकशेचाळीस जणांमुळेच भाव चढला हे तू सिद्ध केलेले नाहीस, तो अंदाज आहे, असे ते म्हणाले. बरोबर आहे. इतरांच्या वह्या मी पाहिलेल्या नाहीत. पण दादाने तुकडीतल्या चौघांना फोन करून विचारले. चौघांचाही जुलैतला भाव तीन-सव्वातीन आणि ऑगस्टमधला पाचाच्या वर होता, आणि चौघेही त्याच शब्दांवर होते. एवढ्यावर मी माझे म्हणणे सोडत नाही.

संक्रांतीला तीळगूळ द्यायला गेले तेव्हा हा सारा हिशेब दादाला वाचून दाखवला. त्याने मध्ये एकदाही अडवले नाही. शेवटी वही मागून घेतली, शेवटचे पान उघडले, ‘किरकोळ’ हा शब्द खोडला आणि त्याखाली ऑक्टोबर ते डिसेंबरचे आकडे लिहिले. ते पान त्याने बंद केलेले नव्हते, हे मला तेव्हा कळले. तीन महिन्यांत ४३० रुपये सुटले होते. मग म्हणाला, "कपलरचं पान तू जरा शुद्ध भाषेत लिहून देशील का? माझं लिहिलेलं फार ओबडधोबड आहे." मी म्हटले, तसेच राहू दे, बायकांना तेच कळते.

भिशीचे दोन हप्ते अजून जायचे आहेत. जानेवारीचा आत्याने शिवणकामातून भरला.